अर्धवट विणकाम कुठे अडलंय ते आधी शोधा

तुम्ही मालवणहून विचारलंय ते थोडक्यात असं. पत्र्याच्या ट्रंकेत पाच अर्धवट विणकामं पडून आहेत. लेक तीन वर्षांची असताना तिच्यासाठी विणायला घातलेला निळा स्वेटर, त्याची एक बाही राहिली आहे आणि लेक आता सहावीत गेली. यजमानांचा नेव्ही ब्लू बिनबाह्यांचा स्वेटर, पाठ पूर्ण, पुढचा भाग अर्ध्यावर आणि नमुन्याचा कागद वाळवीने खाल्लेला. यूट्यूबवर बघून सुरू केलेला जाळीचा स्टोल, टाके जुळेनासे झाल्यावर सोडून दिलेला. मावसबहिणीच्या रुखवतासाठी घेतलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ. तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि तिचा मुलगासुद्धा अडीच वर्षांचा झाला. शिवाय सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या सुयांवर राहिलेली शाल. ट्रंक उघडली की अपराधी वाटतं म्हणून ती उघडायचीच नाही, पण बाजारात लोकर दिसली की नवी मात्र घ्यायची. ‘हे सगळं पूर्ण करायचा उत्साह कुठून आणू?’ असा तुमचा प्रश्न.

आधी उत्साह यावा आणि मग काम व्हावं, हा क्रम मला कधी पटलेला नाही. दापोलीत इतकी वर्षं बायका-मुलींना विणायला शिकवते आहे, अर्धवट पिशव्या घेऊन येणाऱ्या पुष्कळ भेटल्या, पण त्यांत आळशी बाई क्वचितच. काम थांबतं ते एका ठरावीक ओळीपाशी. तिथे काहीतरी अडलेलं असतं. टाका सुटलेला असतो, नाहीतर पुढचं माप ठरत नसतं, लोकर पुरेल की नाही याची शंका असते, किंवा ज्याच्यासाठी विणायचं त्याचंच माप बदललेलं असतं. आपण ‘नंतर बघू’ म्हणून खाली ठेवतो आणि वर्षभरानंतर नेमकं काय अडलं होतं तेच आठवत नाही. मग त्या पिशवीकडे बघितलं की नुसतं ओझं वाटतं.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तुमच्या दांडीच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्तीला काढतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. ती माणसं आधी जाळं पसरतात, कुठे फाटलंय ते हाताने चाचपतात आणि मगच सुई घेतात. आपणही तेच करायचं.

पहिल्या दिवशी एकही टाका विणायचा नाही. पावसाने उघडीप दिलेला दिवस बघा, ट्रंक ओटीवर आणा आणि पाचही कामं चटईवर पसरा. पहिली तपासणी नाकाने. कुबट वास येत असेल तर बुरशी. ती बहुतेक सुती क्रोशाकामाला धरते. बारीक भोकं आणि पांढुरकं जाळं दिसलं तर कसर. कसरीची अळी प्राण्यांच्या केसांतलं केराटिन खाते, त्यामुळे ती खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाही. दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून घेतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिक किंवा मिश्र असते. वेष्टन हरवलं असेल तर बोटभर धागा तोडा, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. पुढे धुताना आणि इस्त्री करताना हे माहीत असलेलं बरं. कसर दिसली तर ते काम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेवा (सुरमईला लागून नको), मग झटकून उन्हात. आणि हलकं ओढल्यावर धागा जागोजागी तुटत असेल तर त्याचा मोह सोडा, टाकून द्या. पाचातलं एक तिथेच कमी झालं.

मग सुयांकडे बघा. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी सुया गंजतात, ॲल्युमिनियमच्या सुयांवर करडे चट्टे पडतात. वर्षानुवर्षं सुईवर राहिलेली ओळ ताणली जाते, काळपट होते, गंज असेल तर तांबूस डाग घेते. बहुतेक जणी तिथूनच पुढे विणायला लागतात, आणि स्वेटर पूर्ण झाल्यावर बरोबर पोटावर एक आडवी रेघ दिसते. ती धुऊनही जात नाही. म्हणून सुईवरची ओळ आणि तिच्या खालची एक, अशा दोन ओळी उसवायच्या.

उसवायला घाबरू नका, पद्धत सोपी आहे. १२ किंवा १३ नंबरची बारीक सुई घ्या. सुलट बाजूने बघितलं की प्रत्येक टाका दोन पायांचा दिसतो, खाली टोक आणि वर दोन फाटे. दोन ओळी खाली, प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत ती बारीक सुई उजवीकडून डावीकडे ओवत न्या. ओळ सोडून वर-खाली गेलात तर टाके मोजताना लगेच कळतं, म्हणून मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. आकडा जुळला की वरची जुनी सुई सरळ ओढून काढा आणि धागा खेचा. दोन्ही ओळी भराभर उसवून बारीक सुईपाशी थांबतात, एकही टाका खाली पळत नाही. त्यानंतरची ओळ मूळ नंबरच्या सुईने विणायची. मी क्लासमध्ये ही गोष्ट स्वेटर शिकवायच्या आधी शिकवते. उसवायची भीती गेली की निम्मी अर्धवट कामं आपोआप हलतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

मधल्या वर्षांत हातही बदललेला असतो. आठ-दहा ओळी विणून झाल्या की जुन्या आणि नव्या भागावर पट्टी ठेवा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. नव्यात जास्त बसत असतील तर हात घट्ट झालाय, एक नंबर जाड सुई घ्या. कमी बसत असतील तर एक नंबर बारीक. आपल्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, आकडा मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५. अमेरिकन नमुन्यांत याच्या उलट, आकडा वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. तुमचा स्टोल यूट्यूबवरचा आहे म्हणून सांगते, नंबर ऐकू नका, मिलिमीटर बघा.

हे सगळं बघून झालं की प्रत्येक कामाला एक चिठ्ठी लावा: सुई कोणती, टाके किती, काय अडलंय. ‘आळस’ असं लिहायचं नाही. एवढं करून ट्रंक बंद केली तरी चालेल.

आता एकेक घेऊ. यजमानांचा स्वेटर सगळ्यात सोपा, आणि तोच सगळ्यात मोठा वाटतो. नमुन्याचा कागद वाळवीने खाल्ला तर खाऊ दे, पाठ पूर्ण झालेली आहे ना? तीच तुमचा नमुना. काठाच्या ओळी मोजा, काठापासून मुंढ्यापर्यंतच्या मोजा, मुंढ्याला किती टाके बंद केले आणि खांद्याला किती उरले ते बघा. एका बाजूने सुलट आणि दुसऱ्या बाजूने उलट अशी साधी वीण असेल तर सुलटीकडून उभ्या रांगेतला एकेक टाका म्हणजे एकेक ओळ. दोन्हीकडून सुलट विणलेलं असेल तर एक उठाव म्हणजे दोन ओळी. पुढचा भाग मुंढ्यापर्यंत अगदी पाठीसारखाच असतो, वेगळा असतो तो फक्त गळा. टोकदार गळा हवा असेल तर मुंढ्याला सुरुवात करतानाच मध्यावर दोन भाग करा. पाठीच्या गळ्याला जितके टाके आहेत त्याच्या निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या बाजूला, सुलटीच्या ओळींमध्ये गळ्याच्या कडेला एकेक करून कमी करत जा. खांद्याला पाठीइतकेच टाके उरले की झालं.

आणि किती राहिलंय ते मोजा, कारण न मोजलेलं काम फार मोठं दिसतं. समजा ओळीत ११० टाके आहेत आणि १०० ओळी राहिल्या आहेत. म्हणजे ११,००० टाके. रमतगमत विणणारीचे मिनिटाला २० धरले तरी ५५० मिनिटं, सव्वानऊ तासांच्या आत. रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवडेसुद्धा लागत नाहीत. मुंढ्यानंतर टाके कमी होत जातात, म्हणजे खरं काम त्याहूनही थोडं.

कंटाळवाणं आहे, हे कबूल. पण साध्या विणीचं काम डोळे न लावता होतं, तीच त्याची सोय. मालिका बघताना होतं, शेजारीण बसायला आली की होतं, कुडाळहून मांडवी एक्सप्रेसने मुंबईला जाताना तर दिवसभर हात रिकामेच असतात. फक्त नेव्ही ब्लू रंग पावसाळी अंधारात आणि कमी व्होल्टेजच्या दिव्याखाली दिसत नाही, टाका कुठे आणि फट कुठे ते कळत नाही आणि चिडचिड होते. मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा. मागून पांढरं आलं की टाक्यांमधल्या फटी स्पष्ट दिसतात. गडद रंगाची कितीतरी कामं केवळ उजेडापायी बंद पडलेली मी बघितली आहेत, आणि त्या बाया स्वतःलाच दोष देत असतात.

लेकीच्या स्वेटरचं अडणं वेगळं आहे. तिथे टाके बरोबर आहेत, माणूस मोठा झालाय. तीन वर्षांच्या मापाची ती दुसरी बाही विणण्यात तुमचं मन लागणार तरी कसं? पण घालायला मूल आहे की. मावसबहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा, नाशिकची थंडी खरी, या हिवाळ्यात तो स्वेटर त्याला बरोबर बसेल. एकदा लेकीला विचारा, तिला नको असेल तर बेत बदला. दुसरी बाही विणूच नका. झालेली बाहीही उसवा आणि त्याच लोकरीतून दोन्ही मुंढ्यांना आणि गळ्याला काठ घाला. बिनबाह्यांचा छान स्वेटर तयार, आणि लोकर पुरेल का हा प्रश्नही संपला. उसवताना बाही जिथे बंद केली तिकडून, म्हणजे वरच्या टोकाने सुरुवात करा. काठाच्या बाजूने, जिथे टाके घातले होते तिथून, धागा सरळ निघत नाही, अडकत राहतो.

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तशीच विणलीत तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून भिजवा आणि न पिळता, टॉवेलमध्ये दाबून वाळवा. लोकर खरी असेल तर कुरळेपणा बहुतेक जातो, ॲक्रिलिकमध्ये थोडा राहतो, तो पुढे विणीत मिसळतो. हे काम मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात काढा. आषाढात लडी चार-चार दिवस ओली राहते आणि वास धरते.

बाळासाठीचा कपडा म्हणून आणखी एक सांगते, आणि हे गंमतीत घेऊ नका. त्यात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवा, आणि नाशिकला पाठवायच्या आधी एकदा धुऊन उन्हात वाळवा.

लेकीला स्वतःच्या मापाचा हवा असेल तर मात्र तो नवाच विणायला घ्यावा लागेल. जुन्या लोकरीच्या लॉटची लोकर आता मिळत नाही. वेष्टनावर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो, तो वेगळा असला की तोच निळा उन्हात वेगळा दिसतो. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या लोकरीच्या असं विणलं तर फरक डोळ्याला जाणवत नाही. किंवा सरळ काठ आणि मनगट दुसऱ्या रंगाचे करा. मापासाठी नमुना शोधत बसू नका. एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन बाईंनी टक्क्यांचा हिशेब लोकप्रिय केला, तो बहुतेक वेळा कामाला येतो. छातीच्या पूर्ण घेराचे टाके १०० धरले तर मनगटाला २० ते २५, दंडाला ३३ ते ३५, गळ्याला ४०. तुमच्या हाताने छातीला १६० टाके येत असतील तर मनगटाला ३२ ते ४०, दंडाला ५३ ते ५६, गळ्याला ६४. आणि यावेळी दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर (मधे तार असलेल्या), लोकरीच्या दोन गुंड्यांनी, एकदम विणा. एक बाही झाली की दुसरीचा कंटाळा हा जगभरच्या विणणाऱ्यांचा आजार आहे. दोन्ही एकाच वेळी संपल्या की त्याला जागाच राहत नाही.

स्टोलला खरंच चूक शोधावी लागेल. जाळीच्या विणीत प्रत्येक भोकासाठी लोकर पुढे घेऊन एक टाका वाढवतात आणि जवळपास दोन टाक्यांचा एक करून तो फेडतात. त्यामुळे बहुतेक नमुन्यांत ओळीअखेर आकडा तोच राहतो. टाका एक कमी आला तर नव्वद टक्के वेळा कुठेतरी लोकर पुढे घ्यायची राहिलेली असते. चूक खालच्याच ओळीत असेल तर उसवायचीही गरज नाही. जिथे भोक हवं होतं तिथे दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि तो टाका म्हणून विणा, भोक किंचित लहान येईल पण कुणी बघणार नाही. एक टाका जास्त आला तर दोनाचा एक करायचा राहिलाय. चूक फार खाली असेल तर मघाशी सांगितल्याप्रमाणे बारीक सुई ओवून तिथपर्यंत उसवा.

आणि पुढे दर नमुना पूर्ण झाला की त्या ओळीतून एक धागा ओवून ठेवा, पुन्हा चूक झाली तर तिथवरच उसवावं लागतं. दोरा लोकरीत अडकतो. तुमच्याकडे गरीला लावायचा बारीक तंगूस घरोघरी असतो, तो उत्तम. गुळगुळीत असल्यामुळे काढताना एका ओढीत निघतो. मात्र त्याच कारणाने तो आपोआपही निसटतो, म्हणून दोन्ही टोकांना मोठ्या गाठी मारा. ओवताना नमुन्याच्या हद्दीला लावलेली खूण त्यात गुंतवू नका.

टेबलक्लॉथबद्दल फार बोलण्यासारखं नाही. क्रोशाला सुईवर एकच टाका जिवंत असतो, त्यामुळे तो कुठेही थांबवता येतो. झालाय तेवढ्याला एक किनार फिरवा आणि टीपॉयचा रुमाल करा, नाहीतर गौरीच्या नैवेद्याच्या ताटावर टाका. रुखवत होऊन गेलं, आता मोठ्या टेबलाची सक्ती कुणी केली आहे?

सासूबाईंची शाल या सगळ्यांपेक्षा वेगळी. ती तुम्ही पुढे ढकललीत ती कंटाळ्याने नसणार. तिथे हात लावला की त्यांचं काम बिघडेल, असं मनात येत असणार. वर मी सुईवरच्या दोन ओळी उसवा असं सांगितलं, ते इथे लागू नाही. त्यांनी विणलेला एकही टाका उसवू नका. टाके तंगुसावर किंवा सुती दोऱ्यावर उतरवा, सुया पुसून घ्या, आणि शक्य असेल तर त्याच सुयांनी विणा. त्यांचा हात आणि तुमचा हात एक होणार नाही, कितीही प्रयत्न केलात तरी. ते लपवायच्या खटपटीत ही कामं कायमची अडतात. उलट जिथे त्यांचं संपतं तिथे सुलट बाजूला उलट टाक्यांची एक ओळ घाला. तिचा बारीक उठाव येतो, शालीला मुद्दाम घातलेल्या रेघेसारखा दिसतो, आणि वरच्या-खालच्या विणीतला सैल-घट्टपणा त्या उठावामागे डोळ्याला जाणवत नाही. हवं तर ती एक ओळ वेगळ्या रंगाची घ्या.

किंवा पुढे विणूच नका. शाल निम्मी झाली असेल तर मांडीवर घ्यायला, लेकराला पांघरायला तेवढी पुरते. दोन नंबर जाड सुई घेऊन टाके सैल बंद करा म्हणजे वरची कड आखडणार नाही, आणि ती वापरायला काढा. त्यांच्या मनात होती तेवढीच लांब व्हायला पाहिजे असं काही नाही. काही जणी असं काम सुयांसकट तसंच जपून ठेवतात, तेही मला चुकीचं वाटत नाही. पण मग ते अर्धवट कामांच्या ढिगातून काढून कपाटात वेगळं ठेवायचं. राहिलेल्या कामांत ते मोजायचं नाही.

नव्या लोकरीचं विचारलंत. ‘जुनं संपल्याशिवाय नवं नाही’ असं व्रत अनेक जणी घेतात. पंधरा दिवसांनी जुनंही नाही आणि नवंही नाही, अशी गत होते. माझं मत, नवं खुशाल घ्या, पण सुई ट्रंकेतून काढून. बहुतेकींकडे ९ आणि १० नंबरच्या एक-दोनच जोड्या असतात आणि त्या कुठल्यातरी जुन्या कामात अडकलेल्या असतात. जुन्या कामाचे टाके दोऱ्यावर उतरवून ती सुई नव्याला वापरा, चिठ्ठीवर नंबर लिहा. दोऱ्यावर गेलेलं काम महिन्याभरात एकदाही आठवलं नाही तर ते उसवायचं ठरलं असं समजा. आठवत राहिलं तर सुई परत तिकडे जाईल. दुकानात उभं राहून ही परीक्षा होत नाही, घरी होते.

हंगामाचंही भान ठेवा. एप्रिल-मे हा आंबे, काजू, फणस आणि पाहुण्यांचा. त्यात मांडीवर लोकरीचा ढीग घेणं म्हणजे स्वतःचे हाल. घामट हातांनी ॲक्रिलिक सुईवर चिकटतं, चरचरतं. अगदीच विणायचं असेल तर काठ, टोपडं अशी हातभर कामं घ्या, हाताला टाल्कम पावडर लावा. मोठी कामं आषाढ-श्रावणातली, आवणी आटोपल्यानंतरची. गणपतीचं साफसफाईचं आणि पाहुण्यांचं काम सुरू व्हायच्या आत त्यांची शिलाई झाली पाहिजे.

शिलाईचं मुद्दाम म्हणते, कारण ‘स्वेटर राहिलाय’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे सगळे भाग विणून तयार असतात, जोडायचे राहिलेले असतात. ते रात्री दमल्यावर काढू नका. सकाळी, ओटीवर, चांगल्या उजेडात बसा. दोन भाग सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडा. कडेचा पहिला टाका आणि दुसरा टाका यांच्यामध्ये आडव्या काड्यांची शिडी दिसते. एका भागाची एक काडी सुईवर घ्या, मग समोरच्या भागाची, असं पाच-सहा वेळा करून धागा ओढला की दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण दिसेनाशी होते. जोडण्याआधी भाग ओले करून चटईवर मापात टाचून सपाट वाळवा, दोरीवर टांगू नका, ओल्या विणीचं वजन तिला लांब ओढतं. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवायची नाही. एकदा गरम लागलं की वीण चपटी होते ती परत उठत नाही.

पाचांत पहिलं कुठलं घ्यायचं असं विचाराल, तर नाशिकच्या मुलाचा स्वेटर. काम थोडं आहे, आणि मूल थांबत नाही, पुढच्या थंडीत ते मापाबाहेर जाईल. त्याच्या मागोमाग यजमानांचा. स्टोल निवांतपणे. शाल पुढे विणायचं ठरवलंत तर आधी तिचे फोटो पाठवा, सुलट आणि उलट दोन्ही बाजूंचे, एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. वीण कोणती आहे आणि त्यांचे टाके किती सैल आहेत ते बघते, मग सुईचा नंबर कळवते.